लोंबती वायर

मागच्या महिन्यात जव्हारला डिप्लोमाच्या मुलांसमोर नेटवर्किंगवर बोलायला गेलो होतो. बोलून झालं, चहा आला, आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, स्पॅनिंग ट्री बंदच करून टाकला तर? आमच्या लॅबमध्ये तो चालू असला की पीसीला आयपी मिळायला उशीर होतो."

मी म्हणालो, "लूप होईल. बंद करायचा नसतो." तिनं वहीत लिहून घेतलं. उत्तर बरोबर होतं, पण ते पुस्तकातलं होतं. माझ्याकडचं उत्तर मोखाड्याचं आहे आणि ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. या ब्लॉगवर मी मोहल्ल्यातल्या, घरातल्या गोष्टी लिहितो, पोटापाण्याच्या कामाबद्दल सहसा लिहीत नाही. आज लिहितो. तारांचं थोडं बोलावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जव्हार-मोखाड्यात संगणक आणि नेटवर्क दुरुस्तीची कामं मी नुकतीच घ्यायला लागलो होतो. मोखाडा तालुक्यातल्या एका कचेरीचं काम माझ्याकडं होतं. कुठली कचेरी ते विचारू नका. कौलारू जुनी इमारत पुढं, तिच्यात लोकांसाठी दाखल्यांची खिडकी. मागं नवी इमारत, तिच्यात इंटरनेटची लाईन येत होती. दोन्हीकडं एकेक स्विच, मधून एक केबल. ही केबल भिंतीच्या कडेनं उघड्यावरून गेलेली. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एका पावसात ती सडली, दुसऱ्या पावसात उंदरांनी खाल्ली. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं, पाइपातून, आणखी एक केबल टाकली. विचार साधा होता: एक गेली तर दुसरी आहे. मोखाड्याहून नाशिकला जायचं तर लोक त्र्यंबकवरून जातात, पण घाटात दरड आली की खोडाळा-कसारा मार्ग आठवतोच की.

पण रस्त्याचं आणि तारेचं इथंच बिनसतं. दोन रस्ते असले तर माणूस एकच निवडतो. स्विच निवडत नाही. एखादा संगणक 'अमुक कुठं आहे?' अशी सगळ्यांसाठी हाक देतो, तेव्हा स्विच ती हाक आली त्या पोर्टाखेरीज बाकी सगळ्या पोर्टांवर सोडून देतो. दोन स्विचमध्ये दोन तारा असतील तर ती हाक एका तारेनं पलीकडं जाते, दुसरीनं परत येते, पुन्हा पहिलीनं जाते. थांबत नाही. इंटरनेटच्या पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो, दर राउटरला तो एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर तसला आकडाच नाही. तिला मरण नाही. आणि दर क्षणाला कुठला ना कुठला संगणक नवी हाक देतच असतो, त्याही त्याच चक्रात सामील होतात. शंभर मेगाबिटच्या तारेवरून लहानात लहान फ्रेम सेकंदाला १,४८,८०० च्या घरात जाऊ शकतात. क्षणात तार भरते. शिवाय त्या हाका सगळ्यांसाठी असल्यानं प्रत्येक संगणकाला त्यातली प्रत्येक ऐकावी लागते, म्हणजे संगणकही गुडघे टेकतात. जलशात माइक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी सुटते ना, कानात बोटं घालायला लावणारी, तसलंच हे प्रकरण. माइक आपलाच आवाज ऐकतो, मोठा करून सोडतो, पुन्हा ऐकतो. मौलाना काय सांगत होते ते मग कुणालाच कळत नाही.

यावरचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी शोधला. त्या अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. उपाय सांगायला सोपा: तारा हव्या तेवढ्या टाका, पण स्विचांनी आपसात बोलून ठरवावं की यातल्या कुठल्या तारा वापरायच्या आणि कुठल्या मुद्दाम मुक्या ठेवायच्या. उरतं ते झाड. झाडाच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जायची वाट एकच असते, फांद्या वळून स्वतःलाच मिळत नाहीत. चालू तार तुटली की मुकी ठेवलेली तार बोलकी करायची. पर्लमनबाईंनी या अल्गोरिदमवर छोटी कविताही केली, जॉइस किल्मर यांच्या झाडावरच्या कवितेच्या धर्तीवर. १९९० मध्ये आयईईईनं हे प्रमाण म्हणून स्वीकारलं.

झाड म्हटलं की मूळ हवं. स्विच आपल्यातूनच एकाला मूळ ठरवतात. प्रत्येकाला एक प्राधान्य-आकडा असतो, सर्वांत लहान आकडा जिंकतो. कारखान्यातून येताना सगळ्यांचा आकडा ३२७६८ असाच असतो, आणि कुणी तो बदललाच नाही तर बरोबरी होते. मग ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो मूळ. बऱ्याचदा हा मान सर्वांत जुन्या स्विचला जातो. आमच्या त्या कचेरीत कपाटावर धुळीत पडलेलं एक म्हातारं यंत्र सगळ्या नेटवर्कचं मूळ होऊन बसलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. इमामत कुणी करावी याच्या कसोट्या लहानपणी मदरशात शिकलो होतो: आधी कुराण कुणाला जास्त येतं ते पाहायचं, मग पुढच्या गोष्टी, आणि सगळ्यातच बरोबरी झाली तर वय. स्विचांच्या जगात कुणी पहिल्या कसोट्या लावल्याच नाहीत, तर थेट वयावर येऊन थांबतात, एवढाच फरक.

तर, दोन केबल लावल्या, स्पॅनिंग ट्री चालू होता, एक तार मुकी झाली. सगळं ठीक. तक्रार आली ती दुसरीच.

जुनी रीत सावकाश चालते. पोर्टाला काही जोडलं की स्विच लगेच त्याला बोलू देत नाही. पंधरा सेकंद नुसता ऐकतो, लूप तर नाही ना हे पाहतो. मग पंधरा सेकंद पलीकडं कोण आहे ते शिकतो. मग वाट मोकळी. म्हणजे अर्धा मिनिट. आणि दूरवर कुठं तार गेली तर आधी वीस सेकंद 'येईल अजून निरोप' म्हणून वाट पाहायची, वर हा अर्धा मिनिट. पन्नास सेकंद. ऐंशीच्या दशकात कुणाला जड वाटलं नसेल. पण मोखाड्यात पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते याची मोजदाद कुणी ठेवत नाही. दर वेळी लाईट आली की क्लार्क संगणक चालू करणार, संगणक पत्ता मागणार, स्विच त्या वेळी ऐकतच बसलेला, संगणक कंटाळून स्वतःच कसला तरी पत्ता घेणार आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. खिडकीबाहेर रांग. क्लार्क मला फोन करणार, "तुम्ही ती नवी वायर टाकल्यापासून हे सुरू झालंय."

तिसऱ्या-चौथ्या फोननंतर मी गेलो आणि दोन्ही स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद करून टाकला. दुसऱ्या केबलचं जुन्या इमारतीतलं टोक काढून ठेवलं. पहिली गेली तर हातानं लावू, असा हिशेब. ते टोक स्विचशेजारी भिंतीवर तसंच लोंबत राहिलं. त्यावर चिठ्ठी लावली नाही, टेप गुंडाळला नाही. पिवळा त्रिकोण गेला. क्लार्कनं चहा पाजला. मला वाटलं, काम झालं.

जुलैचा पहिला आठवडा होता. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांचे दिवस, दाखल्यांची गर्दी. आणि तेच आवणीचे दिवस. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत घरातलं माणूस एक दिवस शेताबाहेर राहिलं तर काय होतं ते शेतकऱ्यालाच विचारा. तरी लोक आले होते. कुणी दोन तास चालत डांबरी रस्त्याला येऊन तिथून जीप धरून, कुणी पोराला पाठीशी बांधून.

दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. "सगळं बंद. एकही कॉम्प्युटर चालत नाही. माउससुद्धा अडकतोय." मी जव्हारला होतो. फोनवर विचारलं ते नेहमीचं: राउटर बंद करून चालू केला का? केला. स्विच? केला. दोन मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच. मी म्हटलं, लाईन खराब असेल, कंपनीला कळवा. तासभर त्यात गेला. मग मोटारसायकल काढली. पाऊस असा की वळणावर समोरची गाडी दिसेना. पोहोचायला दोन वाजून गेले.

स्विचसमोर उभा राहिलो आणि तारेला हात लावायच्या आधीच कळलं. एरवी स्विचचे दिवे आपापल्या तालात लुकलुकतात, एक इथं, एक तिथं. त्या दिवशी सगळे एकाच वेळी, एकाच वेगानं, न थांबता. आणि माझी लोंबती वायर लोंबत नव्हती. ती रिकाम्या पोर्टात नीट बसवलेली होती. मी ती काढली. दोन-तीन सेकंदांत दिवे शांत झाले. शेजारच्या खोलीतून क्लार्कचा आवाज आला, "आलं, आलं!"

साहेब बाहेर आले. "काय होतं?" मी म्हणालो, "कुणीतरी ही वायर इथं जोडली होती."

शिपाईकाका दारातच उभे होते. दोन वर्षांनी निवृत्त होणारे. लगेच म्हणाले, "मी जोडली. सकाळी झाडू मारत होतो. वायर निघून पडलेली दिसली, म्हणून लावली." वरचे कुणी अधिकारी येणार होते, म्हणून खोली आवरत होते बिचारे. रिकामं भोक दिसलं, सुटलेली तार दिसली. मीही तेच केलं असतं. कुणीही केलं असतं.

साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. कळत नाही तिथं हात कशाला लावता, एवढी माणसं खोळंबली, तुमच्या पगारातून कापू का. खिडकीबाहेरची रांग ऐकत होती. काका खाली पाहत उभे. आणि मी? मी स्विचवरची धूळ पुसत होतो. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ही वायर अशी ठेवणं माझी चूक, आणि लूप थांबवणारी गोष्ट मीच बंद केली होती. बिल अजून निघालं नव्हतं. पुढची कामं त्याच साहेबांच्या हातात होती. मी बोललो नाही.

खिडकी संध्याकाळी उशिरापर्यंत चालू ठेवली, हे खरं. पण तोवर रांगेतली निम्मी माणसं परतीची गाडी चुकेल म्हणून निघून गेली होती. एक बाई मुलीला घेऊन आली होती, मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. मी पोहोचलो तेव्हा त्या निघतच होत्या. मी त्यांना थांबा म्हणालो असतो, पण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं की काम तीन सेकंदांचं आहे.

घरी येऊन अम्मीला सांगितलं, एकानं वायर उलटी लावली होती. इथंही तेच.

काही महिन्यांनी रात्री याच विषयावर वाचत बसलो असताना बोस्टनची हकिकत सापडली. बेथ इस्रायल डिकनेस हे तिथलं मोठं, नावाजलेलं रुग्णालय. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथलं नेटवर्क कोसळलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत गेलेले, झाड नको तेवढं लांब झालेलं. एका मोठ्या भाराखाली स्पॅनिंग ट्रीचा हिशेब चुकला आणि लूप सुटले. जवळजवळ चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे निकाल माणसांनी धावत पोहोचवायचे. मला थांबवलं ते वेगळ्या गोष्टीनं. तिथले माहिती-तंत्रज्ञानाचे प्रमुख जॉन हलामका यांनी सगळं उघडपणे सांगितलं. काय चुकलं, आपल्याला काय माहीत नव्हतं, इतरांनी काय टाळावं. चार दिवस रुग्णालय बंद पाडणारी चूक माणूस जगासमोर मांडतो, आणि मला एका खोलीत, चार माणसांसमोर, एक वाक्य निघालं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी आधी जे करायला हवं होतं ते शिकायला लागलो. मजा म्हणजे उपाय फार आधीच येऊन पडला होता. २००१ मध्येच स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती आली होती, आणि माझे दोन्ही स्विच तिला तयार होते. फक्त सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची होती.

जलद आवृत्ती काय करते ते मला अब्बांच्या एका सवयीमुळं पटकन उमगलं. लहानपणी मी पाहायचो, जमातला उभं राहताना अब्बा इमामसाहेबांच्या बरोबर मागं कुणाला तरी ओढून उभं करायचे. कधी हाफिजजींना, कधी एखाद्या जाणत्या बुजुर्गाला. पोरं तिथं घुसली की हटवायचे. मला राग यायचा. एकदा रमजानमध्ये तरावीह चालू असताना इमामसाहेबांचा वुजू गेला. त्यांनी मागं हात करून हाफिजजींना पुढं घेतलं आणि स्वतः बाजूनं निघून गेले. नमाज तुटली नाही. मी मागच्या सफेत होतो, मला फक्त आवाज बदललेला कळला. अब्बा घरी येताना म्हणाले, "आता कळलं, मागं कोण उभं असावं लागतं?"

जुनी रीत म्हणजे इमाम गेल्यावर सगळ्यांनी अर्धा-पाऊण मिनिट स्तब्ध राहून पुढं कुणी जायचं ते ठरवणं. जलद आवृत्तीत मुकी तार नुसती मुकी नसते; मुळाकडं जायची दुसरी वाट म्हणून तिची आधीच नेमणूक झालेली असते. पहिली तुटली की ती तत्काळ पुढं येते. नवी तार जोडली तर घड्याळाकडं पाहत बसायचं नाही, शेजारच्या स्विचला थेट विचारायचं: मी पुढं होऊ? त्यानं आपल्या मागच्या वाटा क्षणभर अडवून 'हो' म्हटलं की झालं. निरोप दर दोन सेकंदांनी येतात, लागोपाठ तीन चुकले की समजायचं शेजारी गेला. वीस सेकंद नाही, सहा. आणि जिथं फक्त संगणक जोडायचा आहे, त्या पोर्टाला 'हे टोक आहे, यापुढं फांदी नाही' असं सांगून ठेवता येतं. मग तो पोर्ट लगेच बोलू लागतो. क्लार्कच्या पिवळ्या त्रिकोणाचं औषध एवढंच होतं. अशा टोकाच्या पोर्टावर चुकून दुसरा स्विच आला तर पोर्ट बंद करणारा पहारेकरीही ठेवता येतो. मुलांनो, हा पहारेकरी विसरू नका. टेबलाखालचे स्वस्तातले बिनडोक स्विच ही भाषा बोलत नाहीत, लूप बहुतेक वेळा तिथूनच घुसतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पैसेही मागितले नाहीत. कचेरी उघडायला शिपाईकाकाच आले. साहेबांची तोवर बदली झालेली. मी नव्या इमारतीतल्या चांगल्या स्विचचा प्राधान्य-आकडा कमी करून त्याला मूळ केलं, कपाटावरच्या म्हाताऱ्याला रजा दिली, जलद आवृत्ती चालू केली, संगणकांचे पोर्ट टोकाचे केले. मग काकांना हाक मारली. "काका, ती वायर लावा."

ते मागं सरले. "नको भाई. मला नाही कळत त्यातलं."

"लावा. काही होत नाही."

त्यांनी धोतराला हात पुसले आणि वायर लावली. खट्ट. दिवे आपल्या तालात. क्लार्कच्या संगणकावर मी सेकंदाला एक निरोप पाठवत ठेवला होता. "आता ती दुसरी, जुनी, उपटा." उपटली. पडद्यावर एक निरोप चुकला, पुढचा आला. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. चार-पाच वेळा केलं त्यांनी. चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं.

आता त्या बाजूला फायबर पोहोचतंय. भारतनेटची योजना २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा पहिल्या टप्प्याची रचना सरळ फांदीसारखी होती, तार तुटली की त्यापलीकडच्या ग्रामपंचायती तुटल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित योजना मंजूर केली, तिच्यात वर्तुळाची रचना आहे: एकीकडून तुटलं तर दुसरीकडून पोहोचायचं. तिथली यंत्रणा वेगळी आहे, स्पॅनिंग ट्रीवर चालत नाही. इथरनेटच्याच वर्तुळांसाठी २००८ पासून एक निराळं प्रमाण आहे, त्यात वर्तुळातली एक कडी राखणदार स्विच मुद्दाम बंद ठेवतो आणि दुसरीकडं तुटल्यावर पन्नास मिलिसेकंदांत उघडतो. पन्नास सेकंदांवरून पन्नास मिलिसेकंद. पण लाईटच नसेल तर वर्तुळ काय करणार, हे आमच्या घाटात वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी काम आटोपल्यावर पायरीवर बसलो. काकांनी चहा आणला होता. तेव्हा सांगितलं. की त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. की लूप अडवणारी गोष्ट मीच बंद केली होती, आणि वायर तशी टाकून मीच गेलो होतो. ती बंद नसती तर त्यांनी शंभर वेळा वायर लावली असती तरी काही झालं नसतं, जसं आज झालं नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला. मग विचारलं, "हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललास, भाई?"

मी म्हणालो, बिल अडलं असतं. तेच खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही कप विसळायला आत घेऊन गेले. पुढच्या सोमवारी मी नव्या साहेबांना आणि क्लार्कला काकांसमोर सगळं सांगितलं. साहेबांना त्यात रस नव्हता, त्यांच्या आधीची गोष्ट. क्लार्क म्हणाला, "अरे, मला वाटलं होतंच." काका स्विचच्या खोलीत झाडू मारत होते. जाताना पाहिलं, दोन्ही वायरींना त्यांनी कागदाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. दोन्हींवर एकच शब्द: राहू दे.